शेवटच्या आंघोळीचं क्रीम

माणूस एकदा गेला की त्याच्या कातडीला काडीची किंमत उरत नाही, असं सगळे धर्म एकमुखानं सांगतात. घानातल्या मांपाँगमध्ये ती अकराशे पन्नास सेडी होती, आणि भाव एकच; घासाघीस नाही.

असियामा ऑक्टोबरात गेला. त्याचं आयुष्य कोकोच्या वखारीत वजनकाट्यावर कारकुनी करण्यात गेलं होतं, आणि शेवटची दोन वर्षं मूत्रपिंडांनी खाल्ली. गेल्यावर त्याला रीतीप्रमाणे शवागाराच्या फ्रीजमध्ये ठेवलं. हँबुर्गच्या भाच्याला जानेवारीशिवाय रजा नव्हती, चांगला मंडपवाला जानेवारीशिवाय मोकळा नव्हता, आणि असियामा आता घाई करण्यापलीकडे गेला होता. डिसेंबरात चौकात त्याचं पोस्टर लागलं. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘काय हा धक्का!’ दोन वर्षं आजारानं झिजलेल्या माणसाच्या जाण्यानं धक्का नक्की कोणाला बसला, याचा खुलासा नव्हता. खाली फक्त शोकाकुल मंडळींची नावं होती, हँबुर्गवाल्याचं सगळ्यांत वर. फोटोवाल्यानं असियामाचा चेहरा संगणकावर घासूनपुसून असा चकाकवला होता की त्याची बायको बिरागो पहिल्या दिवशी पोस्टरसमोरून सरळ पुढे निघून गेली. तिला वाटलं, कोणीतरी निवडणुकीला उभं राहिलंय.

सगळा घोळ त्या पोस्टरनं केला. असियामाचे मामा आणि कुळाचे प्रमुख (कूळ तिथं आईकडून चालतं) नाना ओचेरे यांनी मोठ्या घराच्या ओसरीवर बैठक बोलावली. मंडप, खुर्च्या, बँड, जेवण असे विषय झाल्यावर असियामाची थोरली बहीण टाकीवा उठून उभी राहिली. ती उभी राहिली की बैठक लांबते हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून दोघेतिघे आधीच लघवीला जाऊन आले.

"मी काल फ्रीजवर जाऊन आले," टाकीवा म्हणाली. "माझ्या भावाकडे बघवत नाही. अंगाला राख फासल्यासारखा झालाय. कोपरं म्हणजे नुसती करवंटी. लोक पोस्टर बघून येणार आणि आत हे बघणार. दुसऱ्याच कुणाच्या मयताला आलो की काय, असं म्हणतील."

"मग करायचं काय?" नानांनी विचारलं.

"क्रीम. आणि आपलं ते शियाच्या बियांचं लोणी नव्हे हं. माझ्या भावाच्या अंगाला शेळीचा वास यायला नको. कुमासीला आडूमच्या बाजारात एक मिळतं. काळी डबी, सोनेरी झाकण. पास्टरसाहेबांच्या आईला लावलं होतं. काय दिसत होती! मेली तेव्हापेक्षा बरी दिसत होती."

शेवटच्या आंघोळीचं सामान बायकोनं आणायचं असतं. साबण, स्पंज, टॉवेल, पावडर, अत्तर, अंगाला लावायचं तेल किंवा क्रीम, रुमाल, नवं कापड. हे सगळं तिनं नवऱ्याच्या कुळासमोर मांडायचं, आणि कुळानं एकेक वस्तू वर धरून सर्वांना दाखवायची. संसार कसा केला हे त्या ताटावरून ठरतं. बाकीची वर्षं मोजत नाहीत.

तेव्हा सगळ्यांनी बिरागोकडे पाहिलं.

बिरागो मागच्या बाकावर काळ्या कापडात बसली होती. शाळेचे गणवेश शिवणारी बाई, बोलायला कमी. तिच्या मनात तीच ओसरी, तीच खुर्ची आणि तेच नाना होते, फक्त मागच्या वर्षीचे. असियामाच्या कातडीला तेव्हा अशी खाज सुटायची की तो मक्याच्या सोललेल्या कणसानं पोटऱ्या घासायचा, रक्त येईपर्यंत. दवाखान्यातल्या नर्सनं असंच एक महागाचं क्रीम सांगितलं होतं. बिरागोनं इथेच येऊन विषय काढला होता, कुळानं थोडा हातभार लावावा म्हणून. नाना म्हणाले होते, "कातडीला खाऊ घालायला आपण काय राजे लागून गेलो? शियाच्या लोण्यावर वाढलेला माणूस आहे तो." सगळे हसले होते. असियामासुद्धा हसला होता, पाय खाजवत.

"काय गं आमच्या बायको, आणशील ना?" टाकीवानं विचारलं. त्या घरात सुनेला नवऱ्याच्या बहिणीसुद्धा ‘बायको’च म्हणतात. त्यात माया किती आणि मालकी किती, हे आवाजावरून ओळखायचं असतं.

"टाकीवाताई, किंमत काय असेल त्याची?"

"किंमत!" टाकीवानं ओसरीकडे बघून हात पसरले. "ऐकलंत? नवऱ्याची किंमत विचारतेय."

"क्रीमची विचारली."

"आता तेच झालं."

नाना खाकरले. नाना खाकरले म्हणजे मुद्द्याचं येणार. "बिरागो, तुमच्या त्या मागच्या दोन खोल्या. असियामा कुळाचा मुलगा म्हणून त्याला दिल्या होत्या. आता तो नाही. खोल्या कुळाकडे परत येतात, ही रीत. पण रीत म्हणजे काही दगड नाही. तू आणि तुझी पोर तिथंच राहिलात तर आम्हाला काय जड? ते आपण नंतर बघू. बायकोचा हात शेवटच्या आंघोळीत दिसतो."

एवढं बोलून त्यांनी पुढचा विषय घेतला, म्हणजे पिण्याचं पाणी बाटलीतलं की पिशवीतलं. त्यावर दीड तास गेला.

घरी आल्यावर बिरागोनं शिलाई यंत्राच्या फळीवर पैसे मांडले. दारोदार बचत गोळा करणाऱ्या सुसूवाल्याकडे रोज थोडे थोडे टाकून जमवलेले, सगळे मिळून चौदाशे सेडी. तिची मुलगी फ्रेमा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. तिनं फोनवर क्रीमची किंमत शोधली आणि फोन उलटा करून ठेवला.

"सांग ना."

"अकराशे पन्नास."

"केवढी डबी?"

फ्रेमानं मूठ करून दाखवली. फार मोठी मूठ नव्हती.

बिरागोनं पैसे पुन्हा मोजले. वखारीमागच्या वस्तीत एका खोलीचं भाडं महिन्याला एकशे नव्वद होतं. मालक वर्षाचं आगाऊ मागायचा, पण ती त्याच्या मुलांचे गणवेश शिवायची. सहा महिन्यांवर तयार झाला असता. सहा महिन्यांचं भाडं आणि ती डबी जवळजवळ एकाच भावाची होती. एकीकडे छप्पर, दुसरीकडे चकाकी. हिशेब सरळ होता, पण तो ओसरीवर मांडता येण्यासारखा नव्हता.

"आई, मेलेल्या माणसाला खाज सुटत नाही," फ्रेमा म्हणाली.

"जिवंतांना सुटते ना."

"नको घेऊस. आपण त्या खोलीत जाऊ."

"सहा महिन्यांनी?"

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला हा भाग नसतो.

"आणि समजा घेतलं," बिरागो म्हणाली, "तर म्हणतील, हिच्याकडे पैसे होते. मग तो जिवंत असताना का नाही घेतलं? नाही घेतलं तर म्हणतील, शेवटच्या आंघोळीतसुद्धा हात आखडला. दोन्हीकडून मीच."

"मग?"

"मग खोल्या कशात राहतात ते बघायचं. नाव काय, ते कसंही जायचंच आहे."

दुसऱ्या दिवशी ती ट्रोट्रोच्या भाड्याच्या व्हॅनमध्ये बसून कुमासीला गेली. हरमटानचे दिवस. उत्तरेकडून वाळवंटाची धूळ घेऊन येणारा तो कोरडा वारा सुटला की सगळ्या देशाची कातडी एकदम तडकते. मंत्री असो की हमाल, टाचा सारख्याच दिसतात. गाडीतले सगळे ओठ चाटत होते. बिरागोच्या बोटांची पेरं सुईनं आणि वाऱ्यानं मिळून फाडून ठेवली होती.

आडूमच्या त्या दुकानात गार हवेचं यंत्र होतं, आरसे होते आणि सेलीना नावाची गुळगुळीत मालकीण होती. तिच्याकडे बघून माल खरा असावा असं वाटायचं.

"कोणासाठी पाहिजे, मम्मी?"

"नवऱ्यासाठी."

"वा! असे नवरे नशिबानं मिळतात, क्रीम लावणारे. कातडी कशी आहे? कोरडी, तेलकट?"

"कोरडी."

"फार?"

"फार."

"वय?"

"अठ्ठावन्न."

"उन्हात फिरतात का?"

बिरागोनं जरा विचार केला. "आता नाही."

"मग हेच घ्या. आंघोळ झाल्याबरोबर लावायचं, अंग ओलसर असताना. एकदा लावलं की तीन दिवस कातडीला तहान लागत नाही."

"तीन दिवस नकोत. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार दुपार, एवढं चाललं तरी पुरे."

सेलीनानं तिच्या काळ्या कापडाकडे आत्ता नीट पाहिलं आणि तोंडावरचं हसू खाली उतरवून दुसरं, जरा गंभीर हसू चढवलं. "अहो मम्मी, मग आधी नाही का सांगायचं? माझा निम्मा माल गुरुवारीच जातो. सगळं फ्रीजचं गिऱ्हाईक. आणि खरं सांगू? ती माणसं कधी तक्रार घेऊन येत नाहीत."

"काही कमी?"

"भाव एकच. कुलीन घराण्यातले येतात, तेही हाच देतात. बघा, लावून तर बघा."

तिनं उघड्या डबीतलं वाटाण्याएवढं क्रीम बिरागोच्या हाताच्या पाठीवर ठेवलं. बिरागोनं ते दुसऱ्या हातानं पसरलं. तिला मनापासून वाटत होतं की ही फसवणूक निघावी. वास चांगला आणि आत काही नाही, असं असलं की माणसाला बरं वाटतं. श्रीमंतांना कसं लुटतात बघा, म्हणत घरी जाता येतं.

ती फसवणूक नव्हती. क्रीम चिकट न होता आत गेलं, आणि दोन महिने ओढल्यासारखी ताणलेली कातडी एकदम सैल झाली. पेरांवरच्या चिरांत सकाळपासून जी चुणचुण होती, ती थांबली. नुसती थांबली. एखाद्या घरात दिवसभर रडणारं मूल झोपी जावं तसं झालं. बिरागो हाताकडे बघत उभी राहिली. तिला असियामाच्या पोटऱ्या दिसल्या, आणि मक्याचं कणीस, आणि चादरीवरचे रक्ताचे ठिपके, जे ती मिठाच्या पाण्यात भिजत घालायची. एवढंसं क्रीम. वाटाण्याएवढं. तो रात्रभर झोपला असता.

"काय, मानलं ना?" सेलीना म्हणाली.

"हो," बिरागो म्हणाली. "पैशाला वाजवी आहे."

तिनं पैसे मोजून दिले. सेलीनानं डबी दोन पिशव्यांत घातली आणि वर एक छोटं कंगव्याचं पाकीट फुकट दिलं, ‘साहेबांसाठी’.

शुक्रवारी संध्याकाळी असियामा फ्रीजमधून घरी आला. कुळातली सगळी मंडळी ओसरीवर जमली आणि बिरागोनं ताट मांडलं. नानांच्या वतीनं बोलणारा म्हातारा एकेक वस्तू उचलून वर धरू लागला.

"साबण!"

"पाहिला," मंडळी म्हणाली.

"टॉवेल, नवा!"

"पाहिला."

पावडर झाली, अत्तर झालं. मग त्यानं काळी डबी उचलली आणि सोनेरी झाकणावर दिव्याचा उजेड पडला. ओसरीवर कुजबुज पसरली. मागच्या रांगेतल्या बायका उभ्या राहिल्या. हँबुर्गवाला भाचा डबी हातात घेऊन खालची अक्षरं वाचू लागला आणि म्हणाला, "खरं आहे. आमच्याकडेही हेच मिळतं," तेव्हा तर बिरागोची इज्जत खांद्यापर्यंत चढली.

ती तिथं पुरती बसायच्या आत टाकीवा उठली.

"छान आहे. फारच छान आहे. मी एकच विचारते, आमच्या बायको. एवढे पैसे तुझ्याकडे होते, तर माझा भाऊ खाजवत का मेला?"

कुठेतरी खुर्ची करकरली. बिरागोला हे येणार हे माहीत होतं; तिनं घरी त्याची तालीमही केली होती, आणि तालमीत ती मान खाली घालून गप्प बसत होती. पण ऐन वेळी तिची मान खाली जाईना.

"टाकीवाताई, तेव्हा मी इथंच मागायला आले होते. याच ओसरीवर. नाना म्हणाले, शियाचं लोणी पुरे. तुम्ही शेजारीच बसला होतात. तुम्ही हसलात."

"मी हसले?"

"सगळ्यांत मोठ्यानं."

नानांना एकाएकी छताच्या पंख्यात काहीतरी बघण्यासारखं सापडलं. पंखा बंद होता, तरी ते बराच वेळ बघत राहिले. "शोकाच्या वेळी माणूस काहीही बोलतो," ते अखेर म्हणाले. कोण काहीही बोललं हे त्यांनी मोकळंच ठेवलं. "सामान स्वीकारलं. जिन ओता."

जिन ओतली, पूर्वजांना थोडी, बाकीची उपस्थितांना.

आंघोळ घालायचं काम कुळातल्या वयस्क बायकांचं. टाकीवा आणि तिच्या दोन चुलत बहिणी आत गेल्या. बायकोनं दाराबाहेर बसायचं. दार पातळ होतं.

आधी पाण्याचा आवाज आला, मग कुंथण्याचा. मेलेला माणूस जिवंतापेक्षा जड असतो. मग कोणीतरी म्हणालं, "अगं बाई, पोटऱ्या बघ ह्याच्या." त्यानंतर नुसतं पाणी ठिबकत राहिलं. बिरागो दाराकडे बघत होती. तेवढ्या वेळात तिला वाटलं, टाकीवा रडतेय. असेलही.

"आता क्रीम," एक चुलत बहीण म्हणाली. "हातांना लावू?"

"हातमोजे घालायचेत की, पांढरे," टाकीवाचा आवाज.

"छातीला?"

"सूट आहे. वर शर्ट, टाय. छाती कोण बघतंय?"

"मग तोंडाला तरी."

"तोंडाला नको. तोंड तो पावडरवाला पोरगा रंगवणार. तो म्हणाला, खाली क्रीम असलं तर रंग धरत नाही, ओघळतो."

आत तिघींनी विचार केला. विचाराचा आवाज येत नाही, पण बिरागोला तो ऐकू आला.

"पोटऱ्यांना लाव," टाकीवा म्हणाली. "थोडंसं. वर मोजे येतीलच."

"आणि उरलेलं?"

उत्तर शब्दांत आलं नाही. हातावर हात चोळल्याचा, मग कोपरांवर थापल्याचा आवाज आला, आणि एक लांब, समाधानाचा सुस्कारा. हरमटान सुरू झाल्यापासून त्या घरात इतकं मोकळं कोणीच सुस्कारलं नव्हतं. "खरंच गं," चुलत बहीण म्हणाली, "पैशाला वाजवी आहे."

शनिवारी सकाळी लोक रांगेनं दर्शन घेऊन गेले. असियामा पितळी पलंगावर निळ्या सुटात, हातमोज्यांत आणि मोज्यांत झोपला होता. चेहरा विटकरी रंगाचा होता आणि पोस्टरशी बऱ्यापैकी जुळत होता. "काय चमकतोय!" म्हणत बायकांनी हंबरडे फोडले. चमक पलंगाला लावलेल्या दिव्यांच्या माळेची होती, पण हंबरडे खरे होते. दुपारी त्याला पुरलं, आणि मग बँडवर नाच झाला. हँबुर्गवाल्यानं हवेत नोटा उडवल्या. पाणी बाटलीतलं होतं.

रविवारी चर्चमध्ये आभाराची प्रार्थना. सगळं गाव काळ्यापांढऱ्या कपड्यांत, राखाडी हातापायांचं, ओठ चाटत बसलं होतं. फक्त तिसऱ्या बाकावर तीन बायका नुकत्या पॉलिश केलेल्या बुटांसारख्या झळकत होत्या. पास्टरसाहेबांनी दुःखातही उजळणाऱ्या आत्म्यांबद्दल काहीतरी सांगितलं. फ्रेमानं आईचा हात घट्ट धरला. हसू आलं म्हणून की आणखी कशामुळे, ते बिरागोनं विचारलं नाही.

सोमवारी हिशेबाची बैठक. आलेले पैसे, गेलेले पैसे, कोणी किती दिलं, कोणी दिलं नाही, हे सगळं वाचून झाल्यावर नानांनी बिरागोला पुढे बोलावलं आणि उभं राहून तिचं कौतुक केलं. असं कौतुक त्या ओसरीवर फार दिवसांनी ऐकू आलं. म्हणाले, "बायको असावी तर अशी. हिचा हात आम्ही पाहिला. सगळ्या गावानं पाहिला." टाळ्या पडल्या. टाकीवानंही वाजवल्या, तिचे तळवे मऊ असल्यामुळे आवाज कमी आला.

"नाना, मग खोल्यांचं?" बिरागोनं विचारलं.

नाना पुन्हा पंख्याकडे वळणार होते, पण ते बसले. "तुझ्याबद्दल कोणाची काही तक्रार नाही, हे आधी लक्षात घे," ते म्हणाले. "महिनाअखेरपर्यंत सावकाश हलवा सामान. घाई नाही. शिलाई यंत्र जड आहे, त्याला माणूस देऊ."

"पण तुम्ही म्हणाला होतात, बघू."

"बघितलं की."

खोल्या बँकेतल्या एका कारकुनाला दिल्या होत्या. त्यानं दोन वर्षांचं आगाऊ भाडं रोख भरलं होतं, आणि नानांनी ते घेतलं त्या दिवशी असियामाचं पोस्टर अजून छापखान्यातही गेलं नव्हतं.